मिसो शेवटी, दोएन्जांग आधी: जपानी आणि कोरियन जेवणातला फरक

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जपान आणि कोरिया या दोन्ही देशांत चिकट भात, सोया सॉस, टोफू, नूडल्स, समुद्री शेवाळ आणि आंबवलेले पदार्थ खाल्ले जातात, आणि आपल्याकडच्या कित्येक रेस्टॉरंटांत सुशी आणि किम्बाप एकाच पानावर छापलेले असतात, मग ‘जपानी म्हणजे सौम्य आणि कोरियन म्हणजे तिखट’ याच्या पलीकडे या दोन पाकपरंपरांमधला फरक सांगता येतो का, आणि कोणते पदार्थ खाऊन तो लक्षात येईल?

सांगता येतो. मी वीसेक वर्षे या दोन्ही प्रकारच्या स्वयंपाकघरांत, आधी ओसाकात, मग सोलमध्ये आणि आता पुण्यात काम करत आलो आहे, आणि माझ्या मते तिखटपणा हा या फरकाचा सर्वांत वरवरचा भाग आहे. खरा फरक दोन गोष्टींत आहे: पदार्थाची चव कुठे तयार होते, आणि तो पदार्थ कोणाच्या हातून पुरा होतो.

पहिली गोष्ट मला एका चुकीतून कळली. ओसाकातल्या स्वयंपाकघरात मिसोशिरू, म्हणजे मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचे सार, करताना एकच नियम डोक्यात पक्का बसवला जातो: भाज्या आणि टोफू शिजल्यावर आच बंद करावी, मिसो गाळणीतून सारात विरघळवावा आणि त्यानंतर सार पुन्हा उकळू देऊ नये, कारण मिसोचा सुगंध उकळीबरोबर उडून जातो. हीच शिस्त घेऊन मी सोलला गेलो आणि तिथे पहिल्यांदा दोएन्जांग जिगे, म्हणजे दोएन्जांग या कोरियन सोयाबीन पेस्टचे कालवण, करताना ती पेस्ट शेवटी घालून भांडे उतरवून ठेवले. तिथल्या मुख्य स्वयंपाकीणबाईंना सगळे ‘इमो’ म्हणत. कोरियन भाषेत याचा अर्थ मावशी, आणि तिकडे खानावळीतल्या बायकांना गिऱ्हाइकेही याच नावाने हाक मारतात. इमोंनी चमचाभर चाखले, काही न बोलता भांडे परत आचेवर ठेवले आणि चांगली पंधरा मिनिटे रटरटू दिले. उतरवले तेव्हा मघाचा उग्र, कोंदट वास जाऊन त्या जागी खोल, भाजक्या डाळीसारखी चव आली होती. दोन्ही पेस्टी सोयाबीन आणि मिठाच्याच, दिसायला सख्ख्या बहिणी. पण एकीला उकळी चालत नाही आणि दुसरीला उकळीशिवाय चव येत नाही.

याचे कारण त्या आंबतात कशा, यात आहे. जपानी मिसोमध्ये कोजी लागते. तांदूळ किंवा सातू वाफवून त्यावर आस्परगिलस ओरायझी नावाची निवडक बुरशी मुद्दाम वाढवतात आणि ती उकडलेल्या सोयाबीनमध्ये मिसळतात. हे काम नियंत्रित असते, आणि बुरशीच्या विकरांनी पिठाची साखर होत असल्याने मिसोला गोडसर, फळासारखा, पण नाजूक गंध येतो. कोरियात परंपरेने उकडलेले सोयाबीन कुटून त्याच्या विटा थापतात. त्यांना मेजू म्हणतात. या विटा भाताच्या पेंढ्याने बांधून हिवाळाभर टांगून ठेवतात आणि पेंढ्यातले व हवेतले जीवाणू आणि बुरशी त्यांवर आपोआप वाढतात. वसंताच्या सुरुवातीला मेजू मिठाच्या पाण्यात, ओंगी नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणात बुडवतात आणि वर कोळशाचे तुकडे व सुक्या मिरच्या टाकतात. साधारण दोन महिन्यांनी जे पाणी काळसर होते ते कान्जांग, म्हणजे कोरियन सोया सॉस, आणि खाली उरलेला गाळ मळून पुन्हा मुरवला की दोएन्जांग. एकाच रांजणातून दोन वस्तू मिळतात, हे मला आजही फार सुंदर वाटते. पारंपरिक कान्जांगमध्ये गहू नसतो, तर जपानी शोयू सोयाबीन आणि भाजलेला गहू जवळजवळ सारख्या प्रमाणात घेऊन करतात. त्यामुळे शोयू गोडसर आणि सुवासिक लागतो, तर घरगुती कान्जांग रंगाने फिका पण अधिक खारट लागतो. कोरियन सारात जपानी सोया सॉस ओतला तर सार तपकिरी आणि गोड होते. बाजारात दोन वेगळ्या बाटल्या घ्यायच्या त्या यासाठीच.

एक नियम सांगितला की त्याला अपवादही सांगितला पाहिजे. नागोयाच्या परिसरात, ओकाझाकी या गावी, हाच्चो मिसो नावाचा केवळ सोयाबीन आणि मिठाचा, जवळजवळ काळा मिसो होतो. त्यातले उदोन नूडल्स मातीच्या भांड्यात मिसोसकट खळखळ उकळतात आणि तरी त्याची चव बिघडत नाही. त्यात तांदळाची वा सातूची कोजी नसते, बुरशी थेट सोयाबीनच्या गोळ्यांवरच वाढवतात. म्हणजे घडणीने तो मेजूच्या बराच जवळ जातो. उकळी सोसण्याची ताकद कशातून येते, ते या एका मिसोवरून कळते.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही हे दोन शेजारी गमतीने जोडीने येतात. 2013 च्या डिसेंबरात जपानची वाशोकू ही भोजनपरंपरा आणि कोरियातील किमजांग, म्हणजे हिवाळ्यापूर्वी सगळ्यांनी मिळून किमची घालण्याची प्रथा, एकाच बैठकीत यादीत आल्या. 2024 च्या डिसेंबरात पुन्हा एकाच बैठकीत जपानची कोजीने साके ही तांदळाची दारू करण्याची विद्या आणि कोरियाची जांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टी आणि सॉस, घालण्याची परंपरा आली.

आता चव कुठे तयार होते याकडे वळू. जपानी स्वयंपाकात ती रोजच्या रोज, काही मिनिटांत, दाशी नावाच्या पाण्यात तयार होते. एक लिटर पाण्यात सुमारे दहा ग्रॅम कोम्बू, म्हणजे सुकवलेले जाड समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजत ठेवावे, मंद आचेवर तापवावे आणि तळाशी बुडबुडे दिसू लागताच, उकळी येण्यापूर्वी, कोम्बू काढून घ्यावे. ते उकळले तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होते. मग आच बंद करून वीस-तीस ग्रॅम कात्सुओबुशी घालावी, एक-दोन मिनिटांत ती तळाशी बसली की गाळून घ्यावे. कात्सुओबुशी म्हणजे कुपा जातीचा मासा उकडून, धुरवून, बुरशी चढवून लाकडासारखा टणक सुकवतात आणि रंध्याने त्याचे पातळ पापुद्रे काढतात. टोकियो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोम्बूमधल्या चवीचे मूळ ग्लुटामेट आहे हे शोधून त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यातून ‘अजिनोमोटो’ बाजारात आला, जो आपल्याकडे प्रत्येक चायनीजच्या गाडीवाल्याला ठाऊक आहे. 1913 मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतले इनोसिनिक आम्ल ओळखले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढते. स्वयंपाक्यांना हे कित्येक पिढ्या जिभेने माहीत होते.

दाशी समजली की लोकप्रिय जपानी पदार्थांपैकी निम्मे उलगडतात. मिसोशिरू, उदोन आणि सोबा नूडल्सचे सार, चावानमुशी हा अंड्याचा वाफवलेला मऊ पदार्थ, कोंबडी आणि अंडे भातावर घालून केलेले ओयाकोदोन, ओदेन हे रसाळ शिजवण, टेम्पुरासोबतचा बुडवायचा रस, या सगळ्यांच्या मुळाशी दाशी आहे. ओसाकाकडे कोम्बूची गोडी पुढे ठेवतात आणि रंगाने फिका पण खारटपणात वरचढ असा उसुकुची शोयू वापरतात, म्हणून तिथे उदोनच्या वाटीचा तळ दिसतो. टोकियोत कात्सुओबुशी आणि गडद शोयू पुढे असतात, त्यामुळे सार काळपट दिसते. होक्काइदोचे कोम्बू जुन्या काळी जहाजांनी ओसाकाला उतरत असे, त्याचा हा परिणाम आहे. टोकियोचा माणूस ओसाकाच्या उदोनला अळणी म्हणतो आणि ओसाकाचा माणूस टोकियोच्या साराला गढूळ म्हणतो. या वादात मी ओसाकाच्या बाजूने आहे.

कोरियन स्वयंपाकातही दाशीसारखे पाणी असते, फक्त ते सुकवलेल्या बारीक माशांचे असते. या माशाचे कोरियन नाव म्योल्ची, आणि तो आपल्या मांदेलीच्या नात्यातला आहे. डोके आणि काळे पोट काढून ते मासे कोम्बूसोबत दहा-पंधरा मिनिटे उकळतात. परंतु कोरियन स्वयंपाकात हे पाणी केवळ पाया आहे. त्यावर चवीची इमारत चढते ती रांजणातून काढलेल्या वस्तूंची, ज्या महिने किंवा वर्षे आधी तयार झालेल्या असतात. कान्जांग, दोएन्जांग आणि मिरचीची पेस्ट गोचुजांग ही तीन जांग, वर किमची आणि खारवलेले मासे, एवढे घरात असले की कोरियन घरात अर्ध्या तासात जेवण होते, कारण वेळखाऊ काम आधीच झालेले असते. जपानी स्वयंपाकी बहुधा ‘आता काय काढून टाकता येईल’ असा विचार करतो, कोरियन स्वयंपाकीण ‘आता काय मुरलेले आहे’ असे बघते.

किमचीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे तिला कोशिंबीर समजून खाल्ले जाते. चिनी कोबी उभा चिरून मिठात सहा ते आठ तास ठेवतात. पान दुमडले असता मोडू नये इतके ते नरम झाले पाहिजे. मग धुऊन, निथळून, प्रत्येक पानाच्या आत लसूण, आले, मुळा, कांद्याची पात, गोचुगारू ही मिरची आणि खारवलेल्या माशांचा वा कोळंबीचा रस यांचे वाटण भरतात. ही कोळंबी कोकणात ज्याला जवळा म्हणतात त्याच कुळातली आहे. पुढचे काम लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू करतात. आपल्या लोणच्यात तेल आणि खार जीवाणूंना थोपवतात, किमचीत त्यांना मुद्दाम वाढू देतात. म्हणून ती दर आठवड्याला वेगळी लागते. ताजी किमची भातासोबत, महिन्याभराची भाजलेल्या मांसासोबत, आणि खूप आंबट झालेली किमची जिगेमध्ये, असा तिचा प्रवास असतो. ताज्या किमचीचे जिगे हा मला भारतात सर्वांत जास्त वेळा भेटणारा दोष आहे. त्याला फक्त तिखट पाण्याची चव येते. पुण्याच्या उन्हाळ्यात किमची बाहेर अर्धा दिवसच ठेवावी आणि लगेच फ्रिजमध्ये घालावी, नाहीतर ती मुरण्याआधीच आंबून फसफसते.

गोचुगारू ही बिया काढून, उन्हात वाळवून जाडसर दळलेली, मध्यम तिखट आणि गोडसर मिरची असते. ती मिळाली नाही तर बेडगी मिरचीच्या बिया काढून ती रवाळ दळावी. घरातले बारीक लाल तिखट घातले तर रंग काळवंडतो आणि जीभ भाजते. मिरची मुळात अमेरिका खंडातली आहे. ज्या पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्याला आणली, त्याच सागरी व्यापाराच्या लाटेत ती सोळाव्या शतकात पूर्व आशियात पोहोचली. 1614 मधल्या एका कोरियन ग्रंथात तिला ‘जपानी मोहरी’ म्हटले आहे, म्हणजे निदान तिथल्या लोकांच्या समजुतीप्रमाणे ती जपानकडून आली. यातली विसंगती पाहावी: जपानने स्वतः मिरची चिमटीपुरती ठेवली, उदोनवर भुरभुरायच्या सात मसाल्यांच्या शिचिमीमध्ये, आणि कोरियाने पुढच्या दोन-तीन शतकांत आपला स्वयंपाक लाल केला. गोचुजांगमध्ये मिरचीबरोबर चिकट तांदूळ, मेजूची पूड आणि मोड आणलेले सातू असतात. सातूची विकरे तांदळाची साखर करतात, म्हणून ती पेस्ट तिखट असूनही आतून गोड असते. तोकबोक्की हा आज मुलांना सर्वांत प्रिय असलेला पदार्थ याच गोडीवर चालतो. तांदळाच्या पिठाची उकड कुटून केलेल्या बोटाएवढ्या वळ्या गोचुजांगच्या रसात शिजवतात. पूर्वी हा पदार्थ सोया सॉस आणि मांस घालून राजवाड्यात होत असे. आजचे लाल रूप 1950 च्या दशकात सोलच्या सिन्दांग भागातून पसरले. जपानी मोची दिसायला याची भावंड वाटते, पण ती चिकट जातीचा तांदूळ अख्खा वाफवून कुटलेली असते, म्हणून ती ताणली जाते, तर तोकबोक्कीची वळी दाताखाली घट्ट लागते.

लसणाबद्दल एक वाक्य पुरे: जुन्या जपानी स्वयंपाकात त्याला जवळजवळ जागाच नाही, आणि कोरियाच्या उत्पत्तिकथेतच एक अस्वल लसूण आणि दवणा जातीची वनस्पती खाऊन राहते आणि स्त्री होते.

दुसरा फरक, पदार्थ कोणाच्या हातून पुरा होतो, हा जेवणाच्या टेबलावर दिसतो. जपानी ताट बाहेर येते तेव्हा काम संपलेले असते. तुकडे चॉपस्टिकने उचलता येतील एवढेच असतात, मीठ-शोयू आत मुरलेला असतो, चांगल्या सुशी काउंटरवर तर स्वयंपाकीच शोयूचा हात फिरवून देतो. कोरियात टेबलावर कात्री येते. गिऱ्हाइकासमोर कालबीचे, म्हणजे बरगड्यांचे, मांस, किमचीची पाने, नेंगम्योनच्या लांब थंड नूडल्स कापल्या जातात, आणि बांचान, म्हणजे वाट्यावाट्यांतली तोंडीलावणी, सगळ्यांमध्ये मिळून असतात व संपली की पुन्हा भरून मिळतात. घास कसा बांधायचा ते खाणारा ठरवतो.

बिबिम्बाप हे याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. शब्दाचा अर्थच ‘कालवलेला भात’ असा आहे. पालक, मोड, गाजर, मुळा, भोपळी या भाज्या वेगवेगळ्या परतून वा वाफवून, तिळाच्या तेलाचा हात लावून भातावर रंगांनी मांडतात, वर मांस आणि अंडे, आणि मग गोचुजांग घालून चमच्याने सगळे एकजीव करतात. जोंजू शहराचा बिबिम्बाप प्रसिद्ध आहे. तापवलेल्या दगडी भांड्यातल्या प्रकारात तळाला भाताची खरपुडी धरते, तीच खरी मजा. न कालवता वरवर खाल्ला तर तो पदार्थ झालाच नाही. याउलट जपानी दोनबुरीमध्ये, मग ते ओयाकोदोन असो वा मांसाचे ग्यूदोन, भात आणि वरचा थर वेगळा राखून एकेक उभा घास घेतात. ओसाकात मी पहिल्याच दिवशी ते वरण-भातासारखे कालवले तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही.

कच्च्या माशातही तेच. जपानी साशिमीसाठी मासा विशिष्ट पद्धतीने मारून, रक्त काढून, बऱ्याचदा एक-दोन दिवस, कधी अधिक, थंडीत ठेवतात, त्यामुळे तो मऊ होतो आणि त्यात उमामी वाढते. पांढरा मासा कोम्बूच्या दोन पानांत दाबून ठेवण्याची पद्धतही आहे. कोरियन ‘ह्वे’साठी मासा टाकीतला जिवंत हवा, आणि तो दाताखाली करकरीत, चिवट लागला पाहिजे. सोलच्या नोर्यांगजिन किंवा बुसानच्या जागाल्ची बाजारात मासा तुमच्यासमोर निवडून कापून देतात. तो तुम्ही लेट्यूस वा पेरिला पानावर ठेवायचा, वर लसणाची चकती, हिरवी मिरची आणि व्हिनेगर घातलेले गोचुजांग घालून पुडी एका घासात खायची. उरलेल्या काट्याडोक्यांचे तिखट कालवण शेवटी येते. जपानी स्वयंपाक्याला या पुडीत मासा हरवल्यासारखा वाटतो, कोरियन खवय्याला साशिमी बुळबुळीत वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एकाला चव हवी आहे आणि दुसऱ्याला पोत.

किम्बाप आणि जपानी नोरीमाकी (थोडक्यात माकी), या शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या दोन वळ्यांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो, म्हणून ओळख सांगतो. माकीच्या भातात व्हिनेगर, साखर आणि मीठ असते, आत बहुधा एखादीच वस्तू, कित्येकदा कच्चा मासा, आणि ती शोयूत टेकवून वासाबीसोबत खातात. किम्बापच्या भातात तिळाचे तेल आणि मीठ असते, आत अंडे, गाजर, पालक, मांस किंवा फिशकेक आणि पिवळा मुळा असे पाच-सहा शिजवलेले वा मुरवलेले जिन्नस, आणि त्याला बुडवायला काही लागत नाही. किम्बाप हा सहलीचा डबा आहे. त्यातला पिवळा मुळा मूळचा जपानी ताकुआन. 1910 ते 1945 या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता. त्या काळात आणि नंतरही पदार्थ दोन्ही दिशांना गेले, त्यामुळे ‘हे मूळ कोणाचे’ हा वाद दोन्ही देशांत आजही भावनेचा होतो. किमचीला जपानी ‘किमुची’ म्हणतात त्यावरूनही वाद झाला, आणि 2001 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ‘किमची’ हेच नाव मान्य झाले.

भांड्यांचा फरक त्याच विचारातला आहे. जपानी वाटी लाकडाची वा चिनीमातीची, हातात उचलून ओठांना लावायची; म्हणून चमचा लागत नाही. कोरियन भाताची वाटी धातूची आणि तापलेली, जिगेचे भांडे मातीचे आणि उकळते, ते टेबलावरच राहते. म्हणून लांब दांड्याचा चमचा आणि धातूच्या चपट्या चॉपस्टिक लागतात. कोरियात वाटी उचलणे अशिष्ट, जपानमध्ये न उचलता वाकून खाणे अशिष्ट.

मांसाच्या बाबतीत इतिहास वेगळा असल्याने पदार्थही वेगळे झाले. जपानमध्ये सम्राट तेन्मू यांनी इसवी सन 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातल्या काही महिन्यांपुरती बंदी घातली, पुढे मांसाहाराविषयीचा संकोच शतकानुशतके टिकला, आणि 1872 मध्ये सम्राट मेइजी गोमांस खातात हे जाहीर झाल्यावर समाज मोकळा झाला. म्हणून सुकियाकी हे गोमांसाचे गोडसर शिजवण, तोंकात्सू हे डुकराच्या मांसाचे तळलेले कटलेट, करी-राइस हे पदार्थ तुलनेने अलीकडचे आहेत. करी तिकडे ब्रिटिशांमार्फत गेली. 1927 मध्ये टोकियोच्या नाकामुराया या दुकानाने रासबिहारी बोस यांच्या सांगण्यावरून भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली, ती आजही मिळते. कोरियात मांसाची परंपरा मध्ये तुटली नाही असे नाही, पण तेराव्या शतकात मंगोलांच्या संपर्काने ती परत आली आणि पुढे पूजाविधींतही रुजली. बुलगोगीचे पातळ तुकडे सोया सॉस, साखर, नाशपाती, लसूण आणि तिळाचे तेल यांत मुरवतात, डुकराचे साम्ग्योप्साल न मुरवता भाजून पानात गुंडाळतात. जपानमधले याकिनिकू, म्हणजे टेबलावर भाजायचे मांस, हे दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कोरियन वस्त्यांतून आलेले आहे. जपान्यांनी त्यात भाजल्यानंतर बुडवायचा गोडसर रस पुढे आणला. फुकुओकाची मेंताइको, म्हणजे मिरचीत मुरवलेली माशाची अंडी, हीदेखील बुसानमध्ये वाढलेल्या एका जपानी गृहस्थाने 1949 मध्ये तिकडच्या चवीवरून तयार केलेली आहे. उलट दिशेने तोंकात्सू कोरियात ‘दोनकासू’ झाले: मांस ठोकून पातळ, ताटभर मोठे आणि वर सॉस ओतलेले.

रामेनविषयी फार लिहीत नाही, कारण तो गोंधळ केवळ नावाचा आहे. जपानी रामेन म्हणजे चिनी मुळाच्या क्षारयुक्त नूडल्स आणि तासन्‌तास उकळलेला हाडांचा रस. कोरियात ‘राम्योन’ म्हटले की ते पाकिटातलेच. मोमोफुकू आंदो यांनी 1958 मध्ये पाकिटातले नूडल्स आणले, 1963 मध्ये ते तंत्र कोरियात आले, आणि तिथे त्यावर अंडे फोडून, किमची घालून तो एक स्वतंत्र पदार्थ झाला. तळलेल्या कोंबडीतही आमचा जुना भेद दिसतो: जपानी काराआगेमध्ये आले-शोयू तळण्याआधी आत मुरवतात, कोरियन यांगन्योम चिकनमध्ये दोनदा तळून चव बाहेरून चढवतात.

कोरियन जेवण सगळे लाल असते असे मात्र समजू नये. अख्ख्या लहान कोंबडीत चिकट तांदूळ आणि जिन्सेंग भरून ऐन उन्हाळ्यात खातात ते साम्ग्येतांग, बैलाच्या हाडांचे दुधाळ सोल्लोंगतांग, रताळ्याच्या पारदर्शक शेवयांचे जाप्चे, कांद्याच्या पातीचे धिरडे म्हणता येईल असे पाजोन, प्योंगयांगची बकव्हीटची थंड नेंगम्योन, हे सगळे मिरचीविना आहेत. प्योंगयांग नेंगम्योन पहिल्यांदा खाणाऱ्याला इतकी फिकी लागते की पैसे वाया गेल्यासारखे वाटते. तिसऱ्या खेपेला तिची सवय लागते.

शेवटी शाकाहारी वाचकांचा प्रश्न, जो प्रत्येक कार्यशाळेत येतो. दोन्ही स्वयंपाकांत मासा दिसत नाही तिथेही असतो. मिसोची पेस्ट बहुधा शाकाहारी असते, पण सारातली दाशी नसते, आणि ‘दाशी घातलेला मिसो’ या नावाने मिळणाऱ्या डब्यात तर मासा आतच असतो. आगेदाशी टोफू, उदोन, टेम्पुराचा रस यांतही तेच. कोरियाकडे दोएन्जांग आणि गोचुजांग साधारणपणे चालतात, पण किमची, जिगे आणि तोकबोक्की यांविषयी विचारलेच पाहिजे. घरी करताना मार्ग सोपा आहे. कोम्बू आणि सुकी शिताके मशरूम रात्रभर थंड पाण्यात भिजवली की उत्तम दाशी मिळते. जपानी बौद्ध मठांतले शोजिन जेवण याच पाण्यावर चालते. कोरियन मठांत तर लसूण आणि कांदाही वर्ज्य असतो, त्यामुळे तिथली किमची चातुर्मास पाळणाऱ्या घरातही चालेल. किमचीतल्या माशाच्या रसाऐवजी मी कान्जांग आणि कोम्बूचे पाणी घालतो, आणि दोएन्जांग जिगेसाठी इमोंनी शिकवल्याप्रमाणे तांदळाचे दुसरे धुवण वापरतो. त्यातल्या पिठाने रस्सा आपोआप मिळून येतो.

भातासाठी बासमती दोन्हींकडे निरुपयोगी आहे. आखूड दाण्याचा जपानी तांदूळ महाग वाटत असेल तर मावळातला इंद्रायणी घ्यावा, चार-पाच पाण्यांनी धुवावा, अर्धा तास निथळत ठेवावा आणि नेहमीपेक्षा थोडे कमी पाणी घालावे. किम्बाप आणि बिबिम्बाप त्याने चांगले होतात. निगिरी सुशी मात्र होत नाही. दाणा लांबट असल्याने हातात गोळा सुटतो आणि इंद्रायणीचा स्वतःचा वास व्हिनेगरच्या वर येतो.